दुसऱ्यांदा पाच

व्हर्लीन गुडिंग कुठलीही गोष्ट आपणहून दोनदा सांगत नाही. ऐकू आलं नसेल तर विचारा, सांगेल. पण तेच वाक्य न विचारता परत तिच्या तोंडून निघायचं नाही. जेवायला बसलेल्या पाहुण्यालाही ती "आणखी घ्या" एकदाच म्हणते, त्यामुळे कॅरिबियन समुद्रातल्या बेक्वे बेटावरचे बरेच भिडस्त लोक तिच्या घरून अर्धपोटी उठलेले आहेत. लोक तिला तुसडी म्हणतात. मी म्हणत नाही, कारण मला तिची कोंबड्यांची गोष्ट माहीत आहे.

तिचे वडील अ‍ॅन्सेल गुडिंग शेजारच्या मोठ्या बेटावरच्या किंग्सटाउनहून बेक्वेला मालाची बोट आणायचे. सिमेंटच्या गोण्या, सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट, कोंबड्यांचे पिंजरे आणि या सगळ्यावर ऐसपैस बसलेल्या बाजारकरणी बायका. धक्क्याला बोट उलटी लावायची, आणि सुकाणूवरच्या माणसाला मागचं काही दिसत नाही. म्हणून मागच्या टोकाला एकजण उभा राहतो आणि धक्का किती लांब आहे ते ओरडून सांगतो: वीस, पंधरा, दहा, आठ, पाच. शाळेला सुट्टी असली की हे काम व्हर्लीनकडे असायचं. एकदा ती "तीन" म्हणाली आणि तिला वाटलं, डॅडींना ऐकूच गेलं नाही. म्हणून ती पुन्हा "तीन" म्हणाली. बोट धक्क्यावर अशी आदळली की पिंजरे फुटले आणि कोंबड्या बाजारभर झाल्या.

अ‍ॅन्सेल ओरडले नाहीत. एक कोंबडी काखेत, दुसरी हातात, असे उभे राहून म्हणाले, "तीनानंतर परत तीन म्हणजे काय गं?"

"म्हणजे तीन."

"म्हणजे बोट हलत नाहीये. हलत नाही म्हटल्यावर मी इंजिन आणखी रेटणार. मला ऐकू आलं नसेल तर मी विचारीन. तू आकडा एकदा द्यायचा आणि पुढच्या आकड्याची वाट बघायची. जीव घाबरला तरी गप्प."

तेवढं शिक्षण तिला जन्मभर पुरलं. अँटिग्वात ती श्रीमंतांच्या बोटी धुवायला लागली, मग दोर सांभाळायला, मग नांगर. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर, हिवाळ्यात परत आपल्या बेटांत. गोऱ्या पोरांच्या घोळक्यात बेक्वेची एकटी काळी बाई, आणि तीही हुकूम सोडणारी. सुरुवातीला पोरं नाकं मुरडायची. पुढे ती बोसन झाली. बोसन म्हणजे आपल्याकडचा सारंग: डेकवरची सगळी माणसं, सगळे दोर आणि नांगर त्याच्या ताब्यात. तोवर नाकं आपोआप सरळ झाली होती.

मग आले टीव्हीवाले. बड्या लोकांच्या बोटीवर नोकरचाकर कसे भांडतात, कोण कोणाच्या प्रेमात पडतो, कोणाला हाकलतात, हे दाखवायचा धंदा आता चांगला रुळला आहे. नोकर खरे, बोट खरी, पाहुणे खरे. माणसं निवडताना ते दोनच गोष्टी बघतात: दोर बांधता येतो का, आणि दोर बांधताना तोंड चालतं का. व्हर्लीनचं तोंड चालत नव्हतं. पण तो मोसम ग्रेनेडीन्समध्ये, म्हणजे बेक्वेच्याच बेटमाळेत होता आणि त्यांना तिथलं माणूस हवं होतं, म्हणून तिला 'मारिसोल' बोटीवर घेतलं.

अ‍ॅन्सेल तेव्हा घरी बसलेले होते, बोट विकून टाकलेली. लेकीने बातमी सांगितली तर म्हणाले, "म्हणजे नाटक."

"नाटक नाही, डॅडी. बोसनचं काम आहे. बोट खरी आहे, नांगर खरा आहे."

"मग कॅमेरा कशाला?"

"लागेल तेव्हा बघा म्हणजे कळेल," ती म्हणाली.

"मी नाही बघणार."

खरं सांगायचं तर व्हर्लीनने ती नोकरी घेतली ती घराच्या ओट्यावर ऐकलेल्या या "नाही बघणार"वर. इतकी वर्षं ती जगभर बोटी धक्क्याला लावत होती आणि ज्याने शिकवलं त्याने त्यातली एकही पाहिली नव्हती. टीव्ही तर घरात येतो. एकदा, फक्त एकदा, डॅडींनी आपल्याला बोट लावताना बघावं, एवढीच तिची हाव होती.

'मारिसोल'वर दोन जमाती राहायच्या. एक बोटीची माणसं आणि एक कॅमेऱ्याची. कॅमेरावाल्यांकडे बघायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ते तिथे नाहीतच असं वागायचं, हा पहिला नियम. म्हणून बोटीवर सगळे त्यांना भुतं म्हणत. भूत अगदी नाकासमोर कॅमेरा धरून उभं असलं तरी आपण भांडी पुसत राहायचं. आणि विमान आडवं आलं, वाऱ्याने आवाज उडवला, की भूत बोटाने हवेत गोल काढून हळूच म्हणायचं, "पुन्हा." मग आपण तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, जरा बरं.

भुतांची मुकादम होती मार्नी. निळी टोपी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खिशात सदा अर्धं खाल्लेलं केळं. बाई वाईट नव्हती. तिच्या डोक्यावर बसलेल्यांना दर भागात एक रडारड आणि एक गच्छंती हवी असायची, आणि ती जमवता जमवता तिचा पिट्टा पडायचा.

आणि होता कोबी. आपल्याकडे कोबीची भाजी होते. ऑस्ट्रेलियात या नावाचे देखणे पोरगे असतात. हा फ्रीमँटलचा, सोनेरी दाढीचा, डेकवर व्हर्लीनच्या हाताखाली. कामाला वाघ, पण कॅमेऱ्यासमोर त्याला भारी चेव यायचा. "पुन्हा" म्हटलं की त्याचं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा नेहमी गोड असायचं. लोकांना आवडेल असं त्याला भुतांनीच सांगितलं होतं. तो व्हर्लीनला मागून "मदर सुपीरियर", म्हणजे मठातली थोरली जोगीण, म्हणायचा आणि तिला ते माहीत होतं.

"तू मनावर नको घेऊस हं," डर्बनची टॅम्सिन तिला म्हणाली. टॅम्सिन आतल्या सगळ्या पोरींची प्रमुख. तिच्याइतकं कडक इस्त्रीचं आणि कडक जिभेचं माणूस बोटीवर दुसरं नव्हतं. "तो मला ड्रॅगन म्हणतो. मी त्याच्या अंड्यांत मीठ घालायचं बंद केलंय."

तर त्या दिवशी कॅनुआन बेटाला बोट लावायची होती. पुढे नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत बोट उलटी न्यायची, आणि मागचं टोक धक्क्यापाशी आणून दोर बांधायचे. व्हर्लीन पुढच्या टोकाला साखळीवर. कोबी मागे, अंतर सांगायला. वर सुकाणूवर कॅप्टन फर्गस मॅकारा, स्कॉटलंडमधल्या ओबानचा म्हातारा. त्याला ना पुढचं धड दिसत होतं ना मागचं. त्याचे डोळे म्हणजे रेडिओवरचे हे दोन आवाज.

"पंधरा," कोबी म्हणाला. "दहा. आठ."

साखळी खडखडत पाण्यात जात होती. पाहुणे मागे हातात पेले घेऊन उभे होते आणि धक्क्यावरच्या लोकांना हात करत होते.

"पाच," कोबी म्हणाला, रेडिओवर ते पोचलंही, आणि नेमकं तेव्हाच कुणा धनवंताचं खाजगी विमान डोक्यावरून धावपट्टीकडे घसरलं. त्या घरघरीत सगळं बुडालं. मग विमान गेलं आणि रेडिओवर कोबीचा आवाज आला, स्वच्छ, हसरा:

"पाच!"

पाचानंतर पाच म्हणजे बोट थांबली. पण तिच्या पायाशी साखळी तर पळत होती. बोट थांबली असती तर साखळी सैल पडली असती. तिने रेडिओ तोंडाशी धरला.

"साखळी चालू आहे, कॅप्टन."

एवढंच. पुन्हा ओरडावंसं तिला किती वाटलं असेल ते मी सांगायला नको. पण ती गप्प राहिली, कारण दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर वरच्या माणसाला तो नवा निरोप वाटला असता आणि त्याला त्याचाही अर्थ लावत बसावं लागलं असतं.

कॅप्टनने इंजिन आणखी मागे रेटलं होतं ते तिचं ऐकून झटक्यात उलट फिरवलं. एवढं जड धूड लगेच कसं थांबणार? मागचा कोपरा धक्क्याला लागला. लाकूड कडाडलं, पाहुण्यांच्या पेल्यांतली शँपेन एकमेकांच्या अंगावर गेली आणि एक बाई खाली बसली ती उठेचना. कुणाला लागलं नाही. तिचं ऐकायला कॅप्टनला आणखी जरा उशीर झाला असता, तर मागे दोर घेऊन उभा असलेला कोबी धक्का आणि बोट यांच्या मधे गेला असता.

दोर बांधून होताच व्हर्लीनने कोबीला दोरांच्या कोठडीत ओढलं.

"पाच दोनदा का म्हणालास?"

"चुकलो, बोसन."

"चुकलास ते दिसतंय. का चुकलास ते विचारतेय."

तो खाली बघत राहिला.

"दुसरं पाच पहिल्यापेक्षा गोड कसं झालं रे?"

कोबीने वर बघितलं. मग हाताचं बोट आपल्या कॉलरमधल्या माइकवर ठेवलं. भुतं ऐकत होती. भुतांबद्दल बोलायचं नाही, असं त्याने सही करून दिलं होतं. तिनेही दिलं होतं. व्हर्लीनला जे कळायचं ते कळलं. विमान आलं, मार्नीने हवेत गोल काढला, आणि या सांगकाम्याने हातातला रेडिओ चालू ठेवूनच "पुन्हा" केलं. दहा आठवडे त्याला भुतांनी "पुन्हा" शिकवलं होतं आणि बोटीने "एकदाच" शिकवलं होतं. ऐन वेळी ज्याची सवय जास्त, ते तोंडातून निघालं.

ती बाहेर आली तर मार्नी वाटच बघत होती.

"व्हर्लीन, साखळीचं काय बोललीस तू! सोनं आहे ते, सोनं. आज दुपारी कॅप्टन सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतोय. कोबी जाणार हे नक्की. त्याला जायला तू सांग. तू बोसन आहेस, तुझाच हक्क आहे. अख्खा भाग तुझ्यावर होईल. तुझ्या बेटावर लोक टाळ्या वाजवतील बघ."

मार्नीला काय माहीत, पण तिने नेमकी दुखरी नस दाबली होती. साखळी, रेडिओ, बोट वाचवणं, सगळं डॅडींच्या घरात जाणार होतं. याहून चांगलं बोट लावणं व्हर्लीनच्या हातून परत कधी झालं असतं कोणास ठाऊक. आणि कोबी गेला तर तिचं काय जात होतं? मदर सुपीरियर म्हणणारं एक तोंड कमी.

"कोबीला पुन्हा म्हणायला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

मार्नीचा चेहरा उतरला. "माझं लक्ष नव्हतं गं. तीन रात्री झोपले नाहीये. विमानाने आवाज खाल्ला आणि हात आपोआप वर गेला."

"मग कॅप्टनला तसं सांग."

"कसं सांगू? आम्ही तर नसतोच ना."

इथेच घोडं पेंड खात होतं. जो तिथे नाही त्याची चूक असत नाही. टीव्हीवर दिसणार काय, तर एका पोराने मूर्खासारखं पाच दोनदा म्हटलं आणि बोट फोडली. तेवढं एकदा जगाने पाहिलं की कोबीला पुन्हा कुठला कॅप्टन बोटीवर घेणार होता? बोटींच्या धंद्यात माणसाची किंमत त्याच्या आकड्याच्या खरेपणावर असते.

"बरं," व्हर्लीन म्हणाली आणि कपडे बदलायला गेली.

टॅम्सिन तिच्या मागोमाग खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं. टॅम्सिनच्या कानांतून काही सुटत नाही. "पाण्यात राहून माशाशी वैर नको करू," ती म्हणाली. "तुला कापून टाकतील. भागातून, म्हणजे."

"टाकू देत," व्हर्लीन म्हणाली आणि पांढऱ्या शर्टाची बटणं लावली.

दुपारी दिवाणखान्यात सगळे रांगेत उभे. भुतांनी दिवे लावले होते, तीन कॅमेरे, कोपऱ्यात निळी टोपी. कॅप्टन फर्गस गच्छंतीचे शब्द जुळवत असावा. त्याचे कान लाल झाले होते.

"कोबी, पाच दोनदा का म्हणालास?"

"चुकलो, कॅप्टन."

"त्याने माझं समाधान होत नाही. बोसन, तुझा माणूस आहे. तुझं काय मत?"

व्हर्लीन वळली. कॅप्टनकडे नाही, कोबीकडे नाही. सरळ कॅमेऱ्यात बघितलं, मग कॅमेऱ्याच्या पलीकडे, कोपऱ्यात.

"मार्नी," ती म्हणाली, "तू कॅप्टनना सांगतेस का?"

अख्ख्या मोसमात कोणी भुताला नावाने हाक मारली नव्हती. टॅम्सिनने हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला.

"व्हर्लीन," मार्नी पुटपुटली, "इकडे बघू नकोस."

"मार्नी, तुझी टोपी निळी आहे आणि खिशात केळं आहे. मार्नी, तू इथे उभी आहेस. विमान गेलं तेव्हा तू हात असा फिरवलास, मार्नी." तिने हवेत गोल काढून दाखवला. "कोबी तेव्हा रेडिओवर होता."

कॅप्टन फर्गसची मान सावकाश कोपऱ्याकडे वळली. दहा आठवडे त्याने तिकडे कधी पाहिलं नव्हतं.

"हे दाखवता येणार नाही," मार्नी म्हणाली. "तुला कळतंय का? यातलं काहीच दाखवता येणार नाही."

"म्हणून तर दर वाक्यात तुझं नाव घेतेय, मार्नी."

"तुझाच दिवस जाईल यात. हा प्रसंग गेला की साखळीचं तुझं सगळं बिनबुडाचं होतं. तुझं आम्हाला सगळंच कापावं लागेल."

"काप. पण त्यांना सांग."

मार्नीने कॅमेरावाल्याला खूण केली. कॅमेरा खाली गेला, दिवे विझले, आणि मग ती बाई टोपी काढून पुढे आली. मला तिचं कौतुक वाटतं, हे इथेच सांगून टाकतो. ती म्हणाली, "माझी चूक आहे, कॅप्टन. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं."

फर्गसने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाला, "माझ्या रेडिओवर माझी माणसं बोलतील. बोट धक्क्याला लागत असताना तुमचा एकही माणूस मागच्या डेकवर दिसला, तर मी त्याला पाण्यात ढकलीन, आणि ते खुशाल दाखवा."

कोबी वाचला. पण व्हर्लीनने त्याला सोडला नाही. फुटलेला कोपरा घासून नवं लाकूड बसवेपर्यंत त्याला तिथून हलू दिलं नाही, आणि शेजारी उभं राहून एकदाच सुनावलं. "तू बोटीचा आहेस की कॅमेऱ्याचा, ते ठरव. दोन्हीकडे नाचशील तर एक दिवस धक्क्याला चिकटशील, मग तुला खरवडून काढावं लागेल." पोरगा घासत राहिला. त्यानंतर तिला मागून कोणी मदर सुपीरियर म्हटलं नाही. समोर बोसन, मागेही बोसन. पुढच्या वेळी मागे पुन्हा कोबीच उभा होता, तिनेच उभा केला. "पाच," तो म्हणाला, आणि मग "तीन," आणि बोट धक्क्याला लोण्यासारखी टेकली.

तो भाग लागला तेव्हा व्हर्लीन बेक्वेला घरी होती. शेजारच्या आंटी मर्लने गावभर सांगून ठेवलेलं, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भाजलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, तळलेले मासे, सोरेलच्या फुलांचं लाल सरबत. सण असल्यासारखं झालं होतं. अ‍ॅन्सेल मात्र बाहेर ओट्यावर टीव्हीकडे पाठ करून बसले होते, मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा. बघणार नाही म्हणाले होते ना, मग नाही.

भाग सुरू झाला. कॅनुआन आलं. क्षणभर पुढचं टोक दिसलं: व्हर्लीनची पाठ, साखळीचा खडखडाट. मग कोबी, पाच, आणि पुन्हा पाच. मागून कुठून तरी बाईचा आवाज, अर्धा संगीतात बुडालेला. मग कडाड. पुढे कोबी खुर्चीत बसून डोळे पुसत होता. दिवाणखान्याचा प्रसंग नव्हताच. कॅप्टन म्हणाला, "पोराला मी आणखी एक संधी दिली," आणि लगेच पाहुण्यांचं नाचगाणं सुरू झालं. व्हर्लीन त्या भागात परत दिसली ती ताटं उचलताना, कडेला.

"हे काय?" आंटी मर्ल कडाडली. "अख्खा मोसम राबली आणि तुझी नुसती पाठ दाखवली? या मेल्यांना आपलं माणूस पाठीकडूनच ओळखता येतं का?"

लोक चुकचुकले. कोणी म्हणालं, पुढच्या भागात असेल. व्हर्लीनने हसून मासे वाढले. पण तिला वाईट वाटलं, फार वाटलं. आपण सोडून दिलं ते आपल्या मर्जीने सोडलं, हे कळत असलं तरी वाईट वाटायचं थांबत नाही. ती पाणी प्यायच्या निमित्ताने ओट्यावर आली.

अ‍ॅन्सेल शेंगा सोलत होते. वर न बघता म्हणाले, "त्या पोराला दुसऱ्यांदा पाच कोणी म्हणायला लावलं?"

व्हर्लीन दारातच थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

"साखळी वाजत होती की. बोट चालू असताना दोनदा पाच कोण म्हणेल? एक मूर्ख, नाहीतर एक सांगकाम्या. मूर्ख असता तर तू त्याला ठेवलाच नसता."

"मी ठेवला म्हणून कोण म्हणालं? कॅप्टनने ठेवला."

"असेल, असेल." त्यांनी एक शेंग उघडली, किडकी निघाली, अंगणात फेकली. "आणि मागून साखळी चालू आहे म्हणाली ती तूच ना?"

"हो, डॅडी."

"आवाज चढला होता. घाबरली होतीस."

"हो."

अ‍ॅन्सेलने मान हलवली. "पण एकदाच म्हणालीस," ते म्हणाले.

व्हर्लीनने बाजूची खुर्ची ओढली आणि त्यांच्या सुपातल्या मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.